काडीचा कौल आणि पोत्याचा कौल



निवडणूक जवळ आली की कोरडवाहू मुलखातही दोन पिके बिनपावसाची जोमात येतात. एक आश्वासनांचे आणि दुसरे अंदाजांचे. आश्वासनांच्या पिकाचा उतारा काय पडतो हे आता तुम्हाला सांगावे लागत नाही. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या पिकाबद्दल. एस.टी. स्टँडवर, मोंढ्यात, जिनिंगच्या फाटकापुढे गाड्यांची रांग लागलेली असते तिथे आणि आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर हे पीक डोलत असते. "वारे अमक्याचे आहे", "तमका तर पडल्यातच जमा", "सर्वेक्षण आलेय, शंभरातले साठ आपल्याकडे". आणि हे सगळे सांगून झाल्यावर ठेवणीतले वाक्य बाहेर निघते: "उगाच मत वाया घालवू नका."

आमची सगळी हरकत ह्या शेवटच्या वाक्याला आहे. वारे कुठले ते सांगणे निराळे आणि वारे तिकडे आहे म्हणून तूही तिकडेच तोंड कर, असे सांगणे निराळे. पहिली माहिती झाली. दुसरा सौदा आहे, आणि त्यात आपला माल आपण न पाहताच विकून बसतो.

ह्या विषयावर आपल्याकडे वाद घालायचा म्हटले की लगेच पक्ष मध्ये येतो आणि खुर्च्या सरकतात. म्हणून आम्ही उदाहरण मुद्दाम लांबचे घेतो. अमेरिकेचे.

दोनशे वर्षांची काडी

आपला राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात. तुमच्याआमच्या मताचा तिथे थेट संबंध नाही. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र लोकांच्या मतदानावर ठरतो. दर चार वर्षांनी नोव्हेंबरात मतदान होते. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठराविक प्रातिनिधिक मते असतात, आणि जवळजवळ सगळ्या राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याची ती सगळी मते मिळतात. त्यांची बेरीज ज्याची निम्म्याहून जास्त तो अध्यक्ष.

ह्या खऱ्या मतदानाच्या आधी लुटुपुटूचे मतदान घेऊन पाहायची तिथली खोड दोनशे वर्षांची आहे. त्याला इंग्रजीत पडलेल्या नावाचा सरळ अर्थ 'काडीचे मतदान' असा होतो. वारे कुठून आहे ते पाहायला काडी हवेत सोडतात, त्यावरून हे नाव. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. खळ्यावर ज्वारी उपणायला उभे राहताना मूठभर भुसा सोडून वारे पाहिल्याशिवाय कोण पाटी उचलतो? पण काडी काय सांगते तेही आपल्याला ठाऊक आहे. ह्या घटकेला ह्या खळ्यावर वारे कुठून आहे, एवढेच. दिवस कलल्यावर ते कुठून सुटेल हे काडी सांगत नाही. पलीकडच्या शिवारात काय चालले आहे हेही सांगत नाही. आणि रास किती पडेल हे तर तिला विचारायचेच नसते.

१८२४ साली डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन गावी असे एक मतदान झाले. हॅरिसबर्गच्या एका वृत्तपत्राने त्याचे आकडे छापले: जॅक्सन ३३५, ॲडम्स १६९, क्ले १९, क्रॉफर्ड ९. पुढे देशभरातही जॅक्सनलाच सर्वांत जास्त मते पडली. म्हणजे काडी बरोबर ठरली. पण निम्म्याहून जास्त प्रातिनिधिक मते कुणालाच मिळाली नाहीत. २६१ पैकी जॅक्सनला ९९ होती. मग निर्णय गेला तिथल्या संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे आणि १८२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी अध्यक्ष केले ॲडम्सना. वारे जॅक्सनचे, गादी ॲडम्सची. वाऱ्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना पहिला धडा तिथेच मिळाला होता.

भांडे न ढवळता काढलेले शीत

दुसरा धडा फार मोठा होता. 'लिटररी डायजेस्ट' नावाचे एक वजनदार साप्ताहिक होते. ते दर निवडणुकीला टपालाने मतपत्रिका धाडायचे आणि परत आलेल्या मोजायचे. १९१६ पासून १९३२ पर्यंत पाच निवडणुकांत त्यांचा विजेता बरोबर निघाला. साहजिकच लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

१९३६ साली त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. जवळपास २४ लाख परत आल्या. निकाल सांगितला: रिपब्लिकन पक्षाचे लँडन जिंकणार, शंभरात ५७ मते त्यांची, अध्यक्ष रूझवेल्ट पडणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना शंभरात जवळपास ६१ मते पडली. तेव्हाच्या ४८ राज्यांपैकी लँडनच्या हाती दोनच लागली, मेन आणि व्हर्मांट. प्रातिनिधिक मते ५२३ विरुद्ध ८. स्वतः लँडन कॅन्ससचे राज्यपाल होते. ते कॅन्ससही गेले. दोन वर्षांत ते साप्ताहिकच बंद पडले.

चोवीस लाख लोकांना विचारून एवढी चूक कशी होते? आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. खरी आहे, पण एका अटीवर. भांडे तळापासून ढवळलेले पाहिजे. वरचे शीत शिजलेले असते आणि खाली कच्चे राहिलेले असते. किंवा वर कच्चे आणि खाली करपलेले. डायजेस्टने पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. ते दिवस महामंदीचे. त्या वर्षी ज्याच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार तो भांड्यातल्या वरच्या थरातला. ज्याची नोकरी गेली, ज्याचे शेत बँकेने लिलावात काढले, तो त्या यादीत असायची शक्यता कमी.

हे कारण सगळे सांगतात. पण दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. शिकागो शहरात डायजेस्टने मतदारयादीतल्या दर तिसऱ्या माणसाला मतपत्रिका पाठवली होती. इथे टेलिफोन-मोटारीचा प्रश्न नव्हता. तरीसुद्धा पाचातल्या एकानेच उत्तर धाडले, आणि उत्तर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लँडनचे निघाले. प्रत्यक्षात शिकागोने रूझवेल्टना जवळपास दोन तृतीयांश मते दिली. म्हणजे विचारले सगळ्यांना, पण बोलले ते चिडलेले. ज्याला सरकार बदलायचे होते त्याने तातडीने पत्र टपालात टाकले. बाकीचे गप्प बसले आणि मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहिले.

हे वाचताना आपल्या सभा आठवा. सभेत हात वर करून बोलतात कोण? ठरलेली दहा-बारा माणसे. मागे भिंतीला टेकून बसलेला, पायातली वहाण हातात घेतलेला माणूस काही बोलत नाही. बाया तर बहुतेक सभेला आलेल्याच नसतात, त्या वेचणीला गेलेल्या असतात. पण मतदानयंत्राचे बटण त्यांनाही आहे, आणि त्यांच्या बोटाचे वजन बोलणाऱ्याच्या बोटाएवढेच आहे.

त्याच १९३६ साली जॉर्ज गॅलप नावाच्या माणसाने, आयोवा ह्या शेतीच्या राज्यात जन्मलेल्या, रूझवेल्ट जिंकणार असे सांगितले. त्याने विचारले होते सुमारे पन्नास हजारांना. पण गरीब, मध्यम, श्रीमंत, गावातले, शहरातले असे थर पाहून विचारले. शिवाय डायजेस्ट काय चूक करणार हेही त्याने आधीच सांगून ठेवले. कोटीच्या ढिगाला पन्नास हजारांच्या वानगीने हरवले. कापसाच्या बाजारात आपण हेच पाहतो. शहाणा खरेदीदार गाडीच्या वरचा पांढराशुभ्र वेचा पाहून भाव बोलत नाही. तो गाडीच्या पोटात हात घालतो, मधली मूठ काढतो, दाबून ओल पाहतो, सरकी चावून पाहतो. वानगी मोठी असून भागत नाही, ती कुठून काढली ते पाहावे लागते.

कोंबड्यांच्या खाद्याची पोती

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हा सगळा पल्ला मारला.

साल १९४८. अध्यक्ष होते हॅरी ट्रुमन. हा माणूस मिसुरी राज्यात तरुणपणी दहा-अकरा वर्षे स्वतः शेती कसलेला. त्यांच्यासमोर न्यूयॉर्कचे राज्यपाल ड्यूई. ट्रुमन हरणार ह्याबद्दल शहाण्यांत दुमतच नव्हते. 'न्यूजवीक' साप्ताहिकाने ५० नामांकित राजकीय पत्रकारांना विचारले. पन्नासच्या पन्नास म्हणाले, ड्यूई. गॅलपचा शेवटचा अंदाज ड्यूई ४९.५, ट्रुमन ४४.५. रोपर नावाच्या दुसऱ्या मोजणाऱ्याने तर सप्टेंबरातच जाहीर केले की निकाल लागल्यातच जमा आहे, आता आणखी आकडे छापण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी कॅन्सस सिटीतली स्टेली मिलिंग कंपनी कोंबड्यांचे खाद्य विकत होती. तिला एक गंमत सुचली. पोत्यांवर दोन खुणा छापल्या. एका पोत्यावर गाढव, म्हणजे ट्रुमनच्या डेमोक्रॅटिक पक्षाची खूण. दुसऱ्यावर हत्ती, म्हणजे ड्यूईच्या रिपब्लिकन पक्षाची. आत माल एकच. शेतकऱ्याने दुकानात यावे, हवे ते पोते उचलावे आणि चालू लागावे. सहा राज्यांतल्या सुमारे वीस हजार शेतकऱ्यांची पोती मोजली गेली. शंभरातली ५४ निघाली गाढवाची.

कंपनीने मग काय केले? गॅलप आणि रोपर काय म्हणतात ते पाहिले. देशातले सगळे मोठे मोजणारे ड्यूई म्हणतात आणि आपली पोती ट्रुमन म्हणतात, तेव्हा पोतीच खोटी असणार, असे ठरवून सप्टेंबरात मोजणी बंद करून टाकली.

२ नोव्हेंबरला मतदान झाले. ट्रुमनना ४९.५ च्या आसपास टक्के मते, ड्यूईंना ४५. गॅलपचेच आकडे, फक्त नावांची अदलाबदल. प्रातिनिधिक मते ३०३ विरुद्ध १८९. शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाने ड्यूई जिंकले असा मथळा आधीच छापून टाकला होता, आणि तो अंक हातात उंच धरून हसणाऱ्या ट्रुमनचे छायाचित्र जगभर पोचले.

भावांनो, त्या वीस हजार शेतकऱ्यांना कुणी फॉर्म भरायला लावला नव्हता. टाय लावलेल्या अनोळखी माणसाने दारात उभे राहून प्रश्न विचारला नव्हता. पोते उचलण्यातून ते आपल्या मनातले बोलून गेले. आणि ज्यांच्या कानावर ते पडले त्यांनीच ते खोटे धरले, कारण मोठ्या शहरातले मोठे लोक वेगळे बोलत होते.

वारे फिरले ते कशामुळे

मोठे मोजणारे का चुकले? १९४९ साली तिथल्या अभ्यासकांच्या समितीने ह्याचा शोध घेतला. मोजणी फार लवकर थांबवली. शेवटच्या आठवड्यांत मन बदलणारे निसटले. 'अजून ठरले नाही' म्हणणाऱ्यांचा हिशेब नीट धरला नाही. आणि कुणाला विचारायचे ते विचारणाऱ्याच्या सोयीवर सोडले. ह्या चार चुका. पण शेवटच्या आठवड्यांत शेतकऱ्याचे मन बदलले कशाने, हे समजून घेतले पाहिजे, कारण तिथे आपली नस आहे.

अमेरिकेत तेव्हा आधारभावाची पद्धत अशी होती. शेतकऱ्याने धान्य मान्य कोठारात ठेवायचे आणि सरकारी महामंडळाकडून आधारभावाने कर्ज उचलायचे. बाजारभाव चढला तर धान्य सोडवून विकायचे. नाही चढला तर धान्य सरकारला देऊन कर्जातून मोकळे व्हायचे. १९४८ च्या जूनमध्ये संसदेने ह्या महामंडळाचा कायदा नव्याने केला आणि कोठारांसाठी नव्या जागा घ्यायला त्याला मज्जाव केला. त्या वर्षी मक्याचे पीक विक्रमी आले. कोठार नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून आधारभाव नाही. माल बाजारात लोटला आणि भाव जुलैपासून गडगडत गेला. कायद्यात हमी होती, गावात कोठार नव्हते.

हे वाचून तुमच्या ओठांवर काय आले असेल ते आम्ही जाणतो. २०१७ साली तुरीच्या खरेदीत काय झाले? हमीभाव जाहीर होता, पण बारदाना नाही म्हणून केंद्रे बंद पडली आणि तुरीची पोती घेऊन माणसे बाजार समितीच्या आवारात रात्री काढत बसली. हमी कागदावर कापली जात नाही. ती कोठारात, बारदान्यात, काट्यावर कापली जाते. आयोवातला शेतकरी हे १९४८ साली समजला होता.

ट्रुमननी हे नेमके धरले. १८ सप्टेंबर १९४८ ला आयोवातल्या डेक्स्टर गावी नांगरटीच्या राष्ट्रीय स्पर्धेला हजारो शेतकरी जमले होते. तिथे उभे राहून, ह्या संसदेने शेतकऱ्याच्या पाठीत खराट्याच्या काट्यासारखा नव्हे, सरळ गवत उचलायचा लोखंडी दाताळा खुपसला आहे, अशा अर्थाचे ते बोलले, आणि कोठारांची गोष्ट उघड मांडली. १९४४ साली ड्यूईकडे गेलेली आयोवा, विस्कॉन्सिन आणि ओहायो ही राज्ये १९४८ साली ट्रुमनकडे आली. ओहायोत फरक होता सुमारे सात हजार मतांचा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मोजणी आटोपून घरी गेलेल्या माणसाला ऑक्टोबरातला मक्याचा भाव कसा दिसणार? आपल्याकडे हीच गत आहे. दसऱ्याच्या आधी कापसाबद्दल विचारा, शेतकरी आशेवर असतो, बोंडे झाडावर असतात. दिवाळीनंतर पहिली गाडी विकून आल्यावर विचारा, उत्तर दुसरे मिळेल. माणूस तोच. मध्ये काटा येऊन गेलेला असतो.

मग आपला पारच खरा काय?

इथे कुणी म्हणेल, झाले तर मग! शहरातले कौल खोटे आणि आपल्या पारावरचा अंदाज खरा. आम्ही असे म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे एक खोटे नाणे टाकून दुसरे खिशात घालणे.

त्या पोत्यांचेच पाहा. पोत्यांचा कौल ट्रुमनच्या बाजूने होता म्हणून मध्यपश्चिमेतली सगळी राज्ये ट्रुमनकडे गेली असे नाही. कॅन्सस आणि नेब्रास्का ड्यूईंकडेच राहिली. एका कंपनीचे खाद्य घेणारा तो सगळा शेतकरी वर्ग नव्हे आणि शेतकरी म्हणजे सगळा देश नव्हे. पोती मोलाची होती ती वेगळ्याच अर्थाने. जो थर बाकीच्यांना दिसत नव्हता तो त्यांत दिसत होता. ती फेकून द्यायला नको होती. आणि डोक्यावर घेऊनही नाचायचे कारण नव्हते. बाकीच्या आकड्यांशेजारी ठेवून, हा फरक का पडतो, एवढे विचारायला हवे होते.

शेतकऱ्यांच्या मुलखात भरणारा कौलसुद्धा कसा नासतो त्याचे उदाहरण आयोवातच आहे. तिथे एम्स गावी रिपब्लिकन पक्ष १९७९ पासून अध्यक्षपदाच्या इच्छुकांचे काडीचे मतदान भरवायचा. मत द्यायचे तर तिकीट काढायचे. २०११ साली तिकीट होते ३० डॉलरचे. मग इच्छुकांनीच घाऊक तिकिटे घ्यायची, माणसे बस भरून आणायची, मंडपात जेवण घालायचे आणि मत टाकून घ्यायचे. तुम्हाला ह्यात काही नवीन वाटणार नाही. आपल्याकडे बसऐवजी ट्रक आणि टेंपो असतो, एवढेच. २०११ च्या ऑगस्टमध्ये तिथे मिशेल बाकमन ४,८२३ मते घेऊन पहिल्या आल्या. पाच महिन्यांनी, जानेवारी २०१२ मध्ये, त्याच आयोवात पक्षाच्या खऱ्या निवडीत त्या सहाव्या आल्या आणि स्पर्धेतून बाहेर पडल्या. २०१५ साली पक्षाने तो सगळा बाजारच बंद केला. विकत घेतलेल्या गर्दीची मोजणी करून हाती लागते ती गर्दीची किंमत. लोकांचे मन हाती लागत नाही.

मोबाईलवरच्या कौलांचे असेच आहे. तिथे कोण मत देतो, किती वेळा देतो, कुठल्या जिल्ह्यात किंवा कुठल्या देशात बसून देतो, काही पत्ता नसतो. ज्या गटात सगळे एकाच विचाराचे, तिथला कौल म्हणजे आरशापुढे उभे राहून 'समोरचा माणूस माझ्यासारखाच दिसतो' असे म्हणणे. तरी त्यावर भावाभावांत भांडणे होतात, बोलणे बंद होते. मतदान खोटे आणि वैर मात्र खरे.

आपल्या घरचा ताजा हिशेबही दोन्ही बाजूंनी कान उपटणारा आहे. २०२४ च्या लोकसभेला १ जूनच्या संध्याकाळी मोठमोठ्या वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. ३ जूनला शेअर बाजार उसळला, ४ जूनला मोजणी झाली तसा आपटला. जागा निघाल्या २९३. महाराष्ट्रात तर ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने नेल्या. त्यावरून बऱ्याच पारांवर ठरून गेले की विधानसभेलाही हेच वारे. नोव्हेंबरात महायुतीने २८८ पैकी २३० च्या वर जागा घेतल्या. वाहिन्यांनी ती पुढे दाखवली होती, पण एवढा आकडा बहुतेकांच्या अंदाजात नव्हता आणि पाराच्याही नव्हता. जूनच्या काडीवर नोव्हेंबरची रास मोजायला गेलेले फसले. मधल्या पाच महिन्यांत बरेच काही घडले होते.

ह्यात आपले जाते काय

कुणी विचारेल, चुकले अंदाज तर चुकू द्या, आपले काय गेले? आपले तीन ठिकाणी जाते.

पहिले, लढणाऱ्याचे बळ. 'पडल्यातच जमा' असे एकदा ठरले की त्याच्याकडे पैसा येत नाही, कार्यकर्ता येत नाही, पेपर त्याची बातमी छापत नाही. मग तो खरोखरच पडतो आणि अंदाज बांधणारा म्हणतो, पाहा, मी म्हणालोच होतो.

दुसरे, आपला प्रश्न. हे कौल विचारतात, कोण येणार? 'कशासाठी येणार' हे क्वचित विचारतात. कापसाला हमीभाव मिळाला का, विमा मिळाला का, खरेदीकेंद्र किती दिवस चालले, हा प्रश्न यादीत नसतो. जे विचारले नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले नाही ते जाहीरनाम्यात शेवटच्या पानावर जाते.

तिसरे आणि सर्वांत मोठे, आपला स्वतःवरचा विश्वास. स्टेली कंपनीने आपलेच मोजमाप फेकून दिले. आपणही हेच करतो. घरात बसून नवराबायकोने हिशेब केलेला असतो. कुणी कामाला आला, कुणी नाही, हे ठाऊक असते. मग बाजारात कुणी म्हणतो, 'तो येत नाही, मत वाया जाईल', आणि आपण घरचा हिशेब खिशात घालून दुसऱ्याच्या अंदाजावर बटण दाबतो. निवडून आलेल्यालाच दिलेले मत कामी येते, हा हिशेब आला कुठून? हरलेल्याला पडलेली मतेही मोजली जातात. जिंकणारा ती बघतो आणि पुढच्या खेपेला त्यांच्या दारात येतो. मत वाया जाते ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून दिलेले.

जिल्हा बैठकीला आमची सूचना

तेव्हा ह्यापुढे कोणताही कौल कानावर आला की चार प्रश्न विचारत चला. कुणाला विचारले? कधी विचारले? उत्तर न देणारे किती होते? आणि मोजणीचा खर्च कुणी केला? ह्या चार प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो कौल वरच्या थरातल्या कापसाची मूठ समजा.

दुसरे, आपणही एक लुटुपुटूचे मतदान घेऊन पाहावे. उमेदवारांवर नको, प्रश्नांवर घ्यावे. कापसाची खरेदी, ज्वारीचा भाव, पीकविमा, दिवसा वीज, पांदण रस्ता, कर्ज. ह्यांतले आधी काय? प्रत्येक गावाने मतदारयादी घ्यावी आणि दर दहावे नाव काढावे. त्या घरी जाऊन चिठ्ठी द्यावी. जो सापडेल त्याला विचारून पुढे जायचे, असे करू नये. नाव बाईचे असेल तर चिठ्ठी बाईनेच भरायची, नवऱ्याने नाही. नाव शेतमजुराचे असेल तर तो कामावरून येईपर्यंत थांबायचे. तो घरी नाही म्हणून शेजारच्या बागाईतदाराला विचारून मोकळे व्हायचे नाही. डायजेस्टचे आणि गॅलपचे घोडे तिथेच पेंड खाल्ले. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी चिठ्ठीवर चित्रे काढावीत. पोत्यावरच्या गाढव-हत्तीने ते काम चोख केले होते. चिठ्ठी घडी घालून बंद डब्यात टाकायची. हे एकदा वेचणीच्या आधी करायचे आणि एकदा कापूस विकून झाल्यावर. दोन्ही आकडे बैठकीत फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे.

आणि एक शेवटचे. जे निघेल ते लिहायचे. बैठकीला आवडणारे निघाले नाही, जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगितले त्याच्या उलट निघाले, तरी डबा फेकायचा नाही. कदाचित निघेल की अर्ध्या घरांना भावाच्या आधी पिण्याचे पाणी पाहिजे आहे. निघू द्या. मग बसून वाद घालू, की असे का निघाले. तो वाद रात्रभर चालला तरी चालेल, कारण तो आपल्या माणसांच्या चिठ्ठ्यांवरचा वाद असेल.